ग्लेनिसची पाठ

मूळ, मूळ आणि मूळ! जुन्या गाड्यांच्या त्या क्लबात दुसरा शब्दच नव्हता. रंग मूळ हवा, स्क्रू मूळ हवा, आणि आतल्या माणसाचं कंबरडं मोडणारे धक्केसुद्धा मूळच हवेत. ही मंडळी गाडी ट्रेलरवर घालून प्रदर्शनात आणत, तिच्यामागे घडीच्या खुर्च्या टाकत आणि थर्मासातला चहा पीत दुसऱ्याच्या गाडीला नावं ठेवत. चालवायची? छे, झिजेल ना!

ग्लेनिस चालवायची. बाला गावातून निघून खिंड ओलांडायची, थेट बारमथच्या समुद्रापर्यंत. गाडी बुटकी, उघडी, दोन माणसांपुरती. पण हल्ली प्रत्येक खड्ड्याला पाठीत कळ जाई. डॉक्टरनं स्पष्टच सांगितलं, असं चालणार नाही. म्हणून तिनं गाडीचं मागचं अंग बदलायला घेतलं: स्प्रिंगचे नरम पाटे, नवे शॉक ॲब्सॉर्बर, पाट्यांच्या सांध्यांत नवे रबरी बुश. जमलं तर ठीक, नाहीतर गाडी विकायची.

"बाटवलीस गं गाडी!" आयवर गॅरेजच्या दारातून ओरडला. भाऊ तिचा, वर क्लबचा अध्यक्ष. "मला देऊन टाक. माझं गिऱ्हाईक तिला काचेत ठेवील."

"मलाही ठेव काचेत. दोघींना एकदमच पुसत जा."

काम संपवून तिनं गाडी जॅकवरून खाली उतरवली, तर मागचं अंग चिडलेल्या मांजरासारखं वरच. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. धक्के पहिल्यापेक्षा वाईट! कळ थेट मानेत. गाडीतून उतरायलाही तिला दाराचा आधार लागला.

"बोलावू गिऱ्हाईक?" आयवरला कोण आनंद!

ती टॉर्च घेऊन गाडीखाली शिरली. बुशांचं रबर पिळलेल्या फडक्यासारखं दिसत होतं. चाकं हवेत लोंबत असतानाच तिनं नट आवळले होते. रबर तिथंच जखडलं आणि गाडीचं वजन आल्यावर पिळवटलं.

"गाढव आहे मी," ती खालून म्हणाली.

"हे आत्ता कळलं?"

"तोंड मिट आणि आत बस. वजन हवंय."

"मी? अध्यक्ष?"

"अध्यक्षाचंच हवंय. भरपूर आहे."

नट सैल करून, खाली शिरायला जागा राहावी म्हणून तिनं चाकं जाड फळ्यांवर टेकवली. आयवर कुरकुरत बसला. तिनं मागचं अंग दोनदा दाबलं, तसं ते हलकेच खाली आलं. मग ग्लेनिसनं नट आवळले, जॅक लावून फळ्या काढल्या आणि भाऊ उतरायच्या आत गाडी सुरू केली.

खिंडीतल्या पहिल्या खड्ड्याला आयवरनं दात आवळले. ग्लेनिसनंही. गाडी नुसती डुलली.

"हे तर मूळच्यापेक्षा—" आयवरनं जीभ चावली.

"बोल की!"

"गिऱ्हाईकाला काय सांगू?"

"सांग, बाई समुद्रावर गेली," ती म्हणाली आणि उतारावर वेग वाढवला.