लाल न झालेली कडी

सहा वर्षं मी एका कडीच्या मागे लागले होते. कडी म्हणजे रेणू, मधे भोक असलेला. भोकाच्या मापाचा धातूचा आयन पाण्यात भेटला की ती त्याला आत धरून ठेवते. मोठा असेल तर तो बसत नाही, फार लहान असेल तर निसटतो. माझी कडी लिथियम धरायची आणि पिवळ्याची लाल व्हायची. डॉक्टरेटचा सगळा डोलारा त्या लाल रंगावर उभा होता.

प्रबंध द्यायला आठ दिवस उरले असताना लिथियमची बाटली माझ्या हातून फुटली. नवं द्रावण केलं, आणि काचेची बाटली धुतलेली नव्हती म्हणून प्लास्टिकच्या बाटलीत भरलं. त्यात कडी टाकली. पिवळी ती पिवळीच.

तीनदा करून पाहिलं. मग लक्षात आलं. लिथियमचं द्रावण अल्कधर्मी, महिनोन्‌महिने ठेवलं की काच खातं, आणि काचेतला सोडियम पाण्यात उतरतो. माझी कडी सोडियम धरत होती. तुलनेसाठी लागणारं नुसतं पाणी मात्र मी रोज सकाळी ताजं घ्यायचे, त्यामुळे ते कधी लाल झालं नाही. इतकी मी काटेकोर!

स्टोअर सांभाळणाऱ्या काकांकडे आणखी प्लास्टिकच्या बाटल्या मागितल्या. त्यांनी माळ्यावरून एक खोकं काढलं.

"सरांनीच मागवल्या होत्या. झाली की तीन वर्षं. दोन दिवस स्वतःच काहीतरी करत बसले, मग म्हणाले, वर टाकून द्या."

मी तशीच सरांच्या, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांच्या, खोलीत घुसले. "तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी सावकाश चष्मा पुसला. "तेव्हा सांगितलं असतं तर तू सोडून गेली असतीस. मला हाताशी माणूस हवं होतं." मग प्रबंधाचं एक पान पुढे सरकवलं. 'यातील सर्व नोंदी खऱ्या आहेत', खाली माझ्या सहीची जागा. "कर आणि मोकळी हो. कोण बघायला बसलंय?"

या माणसाला मी देव मानत होते. माझीच मला लाज वाटली.

पेन उचललं. खोटं कशाला बोलू, उचललं. मग खाली ठेवलं आणि निघाले.

संध्याकाळी दादाला फोन करून सांगितलं, डॉक्टरेट मिळणार नाही.

"अगं, मग सहा वर्षं तिथे केलंस तरी काय?"

"काच पाण्यात किती विरघळते, ते मोजलं."

दादा हसला. त्याला वाटलं, मी थट्टा करतेय.