खांद्याला लावायचं औषध

"हाडं सात वर्षांची दिसतायत," डॉक्टरीणबाई हाताचा एक्स-रे उजेडात धरून म्हणाल्या. "मुलगी किती वर्षांची म्हणालात?"

"सव्वाचार," पैलवानाची बायको म्हणाली.

मुलगी वजनकाट्यावर बाहुली उभी करायच्या खटपटीत होती. तिच्या हनुवटीवर पुरळ होतं, आवाज घोगरा झाला होता आणि बघता बघता सगळे फ्रॉक आखूड झाले होते. शेजारणी म्हणायच्या, पोर बापावर गेलीय. ते ऐकून पैलवानाला कोण आनंद व्हायचा.

"रक्तात पुरुषी हार्मोन फार वाढलंय. तिच्या शरीरात ते तयार होत नाहीये, बाहेरून येतंय. घरात कुणी अंगाला काही लावतं का? मलम, जेल?"

बायकोने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

"मी," तो म्हणाला. "खांद्याला."

पैलवान हे काही त्याचं खरं नाव नव्हे. बस डेपोत तो टायर बदलायचा. आडवं पडलेलं चाक एकटा उभं करायचा, म्हणून फोरमनने ते नाव ठेवलं होतं. चाळिशी ओलांडली आणि मेंदूखालच्या ग्रंथीत गाठ निघाली. ऑपरेशन नीट झालं, जीव वाचला, पण माणूस आतून रिकामा झाला. दाढी पंधरा पंधरा दिवस वाढेना. पान्यावर जोर लागेना. डेपोत त्याला ट्यूबांना ठिगळं लावायला बसवलं. नाव तेच राहिलं, फक्त ते घेताना लोक हसू लागले. घरी तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. बायकोने खांद्यावर हात ठेवला की झोपल्याचं सोंग घ्यायचा. मुलगी "बाबा, घे" म्हणत हात वर करायची. दारापासून खिडकीपर्यंत नेलं की त्याला धाप लागायची. "उतर हं आता, बाबा दमला."

मग मोठ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. टेस्टोस्टेरॉन पार तळाला गेलं होतं. रोज सकाळी त्याच हार्मोनचं जेल खांद्याला चोळायचं. "वाळू द्या, वर शर्ट घाला, हात साबणाने धुवा. त्या जागेला बायकामुलांचा स्पर्श होऊ देऊ नका." त्यांनी सांगितलं होतं. चांगलं दोनदा सांगितलं होतं.

तीन-चार महिन्यांत गेलेला माणूस परत आला. डेपोत सगळ्यांदेखत त्याने चाक उभं केलं, तेव्हा हसणाऱ्यांनीच टाळ्या वाजवल्या. बायको आरशासमोर गुणगुणू लागली. त्याची पाळी दुपारची असायची. सकाळी आंघोळ करून, जेल लावून तो उघड्या अंगाने बाहेर आला की मुलगी झेप घ्यायची. तो तिला खांद्यावर घेऊन घरभर नाचायचा. दमून ती तिथेच गाल टेकून झोपायची. शर्ट घालायला कितीसा वेळ लागला असता? पण ती हात पसरून उभी असायची, आणि त्याला उचलता येत होतं.

"पुरळ जाईल, वाढीचा वेगही कमी होईल," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "आवाजाचं नक्की सांगता येत नाही. आणि आत्ता झपाट्याने वाढतेय, म्हणून उंची पुढे लवकर थांबू शकते."

"मी बंद करतो, बाई. कायमचं."

"बंद नका करू, तुम्हाला गरज आहे त्याची. तुमच्या डॉक्टरांना सांगून इंजेक्शन सुरू करा. त्याने तिला काही होणार नाही."

घरी आल्या आल्या बायकोने चादरी, अभ्रे, त्याचे बनियन, सगळं गरम पाण्यात बुडवलं. तो मोरीच्या दाराशी उभा राहिला.

"शर्ट घाला, शर्ट घाला, म्हणत होते ना मी?"

"हो."

"हसला होतात तुम्ही."

"हो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती अभ्रा घासत राहिली. मग हात थांबवून म्हणाली, "आणि मीच म्हणायचे तिला, जा, बाबाकडे जा."

इंजेक्शनं सुरू झाली. अंगातली ताकद टिकली. डेपोत काम पूर्वीसारखं चाललं. पण मुलगी "घे ना" म्हणाली की तो म्हणायचा, हात मळलेत. दुसऱ्या दिवशी म्हणायचा, पाठ दुखतेय. खांदे लाल होईपर्यंत घासून, गळ्यापर्यंत बटणं लावून तो तिच्यापुढे वाकायचा, आणि हात मधेच थिजायचे.

"घ्या हो तिला," बायको म्हणायची. "आता कसली भीती? पोर कोमेजून गेलीय."

"उद्या घेतो."

सहा महिन्यांनी पुरळ गेलं. आवाज तसाच राहिला. बालवाडीत मुलं तिला दादा म्हणायची, म्हणून ती तिथे बोलेनाशी झाली होती. आणि घरी "घे" म्हणणंही तिने कधी सोडलं, ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

डेपोतल्या सुट्टीच्या एका दिवशी तो तिला बालवाडीतून आणत होता. इमारतीची लिफ्ट बंद होती. जिन्यात वरच्या मजल्यावरचे काका भेटले.

"काय पैलवान, एवढ्याशा पोरीला चार मजले चढवताय होय? उचला की!"

तो काही बोलायच्या आत तीच बोलली, घोगऱ्या, ठाम आवाजात. "बाबाला मी नाही उचलता येत. मी जड झालेय."

काका हसत खाली उतरले. तिने कठडा धरला आणि ती एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढू लागली. तो दोन पायऱ्या खाली राहून मागोमाग चढत होता, दोन्ही हात पुढे धरून, तिला न लागतील इतक्या अंतरावर.