विजापूरचा आवाज

माझी मीटिंग ऐन रंगात आलेली आणि कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून सासूबाई बोलायला लागल्या. बोलल्या म्हणजे काय, तोंडात गरम भजी धरून कोणी बोलावं तसं बोबडं. माउस जागच्या जागी ठप्प. बेंगळुरूचे साहेब विचारतात, "अर्चना, घरात कोणी आजारी आहे का?"

मी धाडधाड जिना चढून वर गेले. "आई, बंद करा की तो रेडिओ! नोकरी जाईल माझी."

"आणि तुझं मशीन लागलं की मला हेमावती ऐकायला येईना झालीय, त्याचं काय? नुसती खरखर!"

सासूबाई धारवाडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. विजापूरच्या एक्स्चेंजला ही हेमावती. मैत्री सगळी तारेवरची, प्रत्यक्ष भेट एकदाच. रिटायर झाल्यावर दोघींनी हॅम रेडिओची, म्हणजे घरबसल्या बिनतारी बोलायची, परीक्षा देऊन लायसन काढलं. तेव्हापासून गच्चीवर तार बांधून रोज सकाळी गप्पा. हौसेला मोल नाही म्हणतात ते असं!

"त्यापेक्षा सरळ फोन करा की," मी म्हटलं.

"फोन जन्मभर दुसऱ्यांना जोडून दिले गं. हे आमचं आहे."

या लोकांत आवाजाला मार्क देतात. फाइव्ह नाइन म्हणजे पैकीच्या पैकी. सासूबाई मार्कांच्या बाबतीत महाकंजूष. हेमावतीला वर्षभर थ्री थ्रीच देत होत्या. "खोटे मार्क द्यायचे नाहीत," म्हणायच्या. "तुझं मशीन तिला नापास करायलंय."

त्या दिवशी माझ्या नवऱ्यानं, प्रसादनं निकाल दिला. "रविवारी माणूस येतोय. तार काढून टाकू."

सासूबाईंच्या ताटातली भाकरी तशीच राहिली. जिंकले होते मी, आणि मलाच वाईट वाटायला लागलं.

शनिवारी मीच म्हटलं, "आई, खरखर नक्की कोण करतंय ते तरी बघूया."

घराचा मेन स्विच पाडला. बॅटरीवरच्या रेडिओतली खरखर एकदम बंद. मग मेन चालू करून मी खाली एकेक बटण दाबत गेले आणि त्या वरून ओरडत राहिल्या. पंखा. "नव्हे!" फ्रिज. "नव्हे!" कॉम्प्युटरचा चार्जर. "हाच तो मेला!"

दुर्गदबैलाच्या बाजारात परशुरामच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात फेराइटच्या काळ्या कड्या मिळाल्या, जाड बांगडीएवढ्या. चार्जर, माउस, स्पीकर, सगळ्यांच्या वायरी त्यांतून सात-आठ वेढे देऊन ओवल्या. गच्चीवरची तार माझ्या खिडकीपासून लांब नेली.

"ही कडी कामाचं तेवढं जाऊ देते, बाकीचं अडवते," सासूबाई म्हणाल्या. "सासूसारखी."

"सासू सगळंच अडवते," मी म्हटलं. खूप दिवसांनी हसलो दोघी.

रविवारी सकाळी मी मुद्दाम कॉम्प्युटर चालू ठेवला. सासूबाईंनी वरून बोलून पाहिलं. स्पीकर गप्प, माउस सुरळीत. प्रसादनं मुकाट्यानं फोन करून त्या माणसाला येऊ नको म्हणून सांगितलं. मी पळत वर गेले. खरखर नावालाही नव्हती. मला ऐकवायला म्हणून सासूबाईंनी हेडफोन काढून ठेवला.

"ह्यांग अदी, हेमा?" कशी आहेस, म्हणून त्यांनी विचारलं.

"आराम अदीनि... वत्सलक्का."

आराम आहे, एवढंच सांगायचं होतं. तेवढ्यालाही ती मध्ये थांबली. तिचा प्रत्येक श्वास स्वच्छ ऐकू येत होता आणि त्याच्यामागून आवाज यायचा, एवढासा. खरखर आमच्या मशीनची होती हे खरं. पण तिचा आवाज खोल गेला होता तो मशीनमुळे नव्हे. वर्षभर आम्हाला त्या खरखरीत ते कळलंच नव्हतं.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते.

पलीकडून हेमावतीनं कन्नडमधून विचारलं, आज माझा आवाज कसा येतोय?

सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले. एक्स्चेंजच्या खुर्चीत बसत असतील तशा ताठ बसल्या आणि माइकचं बटण दाबलं.

"फाइव्ह नाइन, हेमा," त्या म्हणाल्या. "फाइव्ह नाइन."