कापडाच्या भिंती

वासंतीबाईंनी खुंटी जमिनीवर टेकवली आणि दगडाचा पहिला घाव घातला. खुंटी वाकली. धायरीच्या शेवटच्या इमारती मागे टाकून डोंगराच्या पायथ्याशी आलं की जमीन अशीच लागते. वर वीतभर माती आणि खाली नुसता मुरूम. त्यांनी खुंटी उपटून जरा बाजूला लावली आणि वळून न बघताच हात मागे केला.

"अहो, दोरी द्या."

दोरी आली नाही. त्यांनी वळून पाहिलं. शरच्चंद्र दोरीचं टोक दोन्ही हातांत धरून उभे होते आणि कुणी परक्या भाषेतली चिठ्ठी वाचायला दिल्यासारखे त्या टोकाकडे बघत होते.

खडकीच्या त्यांच्या चर्चचं हिवाळी शिबिर दर वर्षी भरायचं आणि त्यातले तंबू पंचवीस वर्षं शरच्चंद्रांनीच उभारले होते. दारूगोळा कारखान्यात नोकरी आणि रविवारी चर्चच्या मंडळीचं सचिवपद, असा त्यांचा सगळा जन्म गेला. शरदभाऊंनी मारलेली गाठ फक्त शरदभाऊंनाच सुटते, असं पोरंसोरं म्हणायची.

वासंतीबाईंनी दोरी त्यांच्या हातून अलगद सोडवून घेतली आणि गाठ स्वतःच मारली.

"खुर्चीत बसा जरा," त्या मोठ्याने म्हणाल्या, चार तंबूंपलीकडे जाईल अशा आवाजात. "सकाळपासून उभे आहात."

शेजारच्या तंबूतून संतोष बाहेर आला. वाघोलीच्या एका कॉलेजात तो प्रयोगशाळा सांभाळायचा. चाळिशीचा, अघळपघळ माणूस. त्याने शरच्चंद्रांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून विचारलं, "शरदभाऊ, थंडी सोसतेय ना?"

शरच्चंद्र दचकले आणि हसले. वासंतीबाईंनी मान खाली घालून दुसरी खुंटी उचलली.

कानांची ही गोष्ट त्यांनीच पसरवली होती. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी शांतपणे जे सांगितलं, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. ज्या माणसाकडे लोक सल्ला विचारायला यायचे, त्याच्याकडे आता लोक 'बिचारे' म्हणून बघणार, हे त्यांना सोसवणारं नव्हतं. म्हणून त्यांनी सांगून टाकलं, यांना हल्ली ऐकू कमी येतं. थाप सोयीची होती. माणूस उत्तर देत नाही, भलतंच उत्तर देतो, नुसतंच हसतो. सगळं त्यात मावायचं. बाकीचं त्या सांभाळत. चर्चमध्ये बाकाच्या कडेला स्वतः बसायचं, त्यांना आत घ्यायचं. खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवायची. दाराला आतून कुलूप लावून किल्ली ब्लाउजमध्ये ठेवायची. शेवटची गाढ झोप कधी लागली होती, हे त्यांना आठवत नव्हतं.

शिबिराला येणारच नव्हत्या त्या. पण पाळक इंद्रजीत घरी आले होते. "तुम्ही एवढी वर्षं शाळेत शिकवलंत," ते म्हणाले. "तंबूत राहून विश्वासातलं काय शिकता येतं, यावर तासभर बोला. नाही म्हणू नका." आणि पाळकांना नाही कसं म्हणायचं, हे काही वासंतीबाईंना जमलं नाही.

साडेचार वाजता चिंचेखाली सतरंज्या पसरल्या. म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या होत्या. शरच्चंद्रांना त्यांनी मागच्या रांगेत, नजरेसमोर बसवलं आणि स्वतः कागद घेऊन उभ्या राहिल्या.

पहिला मुद्दा सामानाचा होता. तंबूत मावेल तेवढंच आणावं लागतं आणि मग कळतं की तेवढ्यात भागतं. परमेश्वर आपल्याला हेच शिकवतो. माना डोलल्या. दुसरा मुद्दा वाऱ्याचा. घरात असताना वाऱ्याची आठवण राहत नाही, इथे मात्र आपण कुणाच्या हाती आहोत ते झोपताना उमगतं. त्यांचा आवाज लागला होता. शिकवायला उभं राहिलं की अजूनही त्यांची पाठ आपोआप ताठ व्हायची.

"तिसरी गोष्ट भिंतींची," त्या म्हणाल्या. "तंबूच्या भिंती कापडाच्या. शेजारचा खोकला ऐकू येतो. प्रभूच्या घरात आपणही असंच राहायचं असतं. एकमेकांपासून काही झाकून न ठेवता."

त्यांनी कागदावरून नजर वर उचलली. मागच्या रांगेतली खुर्ची रिकामी होती.

त्या बोलत राहिल्या. हे त्यांना पुढे कित्येक दिवस आठवत राहिलं, की त्या बोलत राहिल्या. एकमेकांचं ओझं वाहण्याबद्दल दोन वाक्यं झाली, तिसरं झालं, आणि डोळे मात्र तंबू, शेत, कुंपण असे धावत होते. शेताच्या उजव्या कडेला विहीर होती. सकाळी येताना पाहिलेली, कठडा नसलेली. चौथ्या वाक्याच्या मध्यावर त्यांचा आवाज बंद झाला.

पाळक उठले. "पाणी देऊ का, बाई?"

"नको." कागद त्यांच्या हातून खाली पडला. "यांना ऐकू येतं. चांगलं ऐकू येतं यांना. आठवत नाही. दीड वर्ष झालं. मी तुम्हा सगळ्यांशी खोटं बोलले." त्यांनी श्वास घेतला. "आणि आता ते खुर्चीत नाहीत. तिकडे विहीर आहे. चला कुणीतरी, माझ्याबरोबर चला."

त्या सतरंजीवरून चपला न घालताच निघाल्या. चारदोन माणसं उठली, पण धावलं कुणीच नाही. वासंतीबाईंना ते कळेना. तेवढ्यात पुढच्या खुर्चीतून कांताबाईंनी काठी आडवी धरली. कांताबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. मंडळीत त्यांच्या जिभेला पाळकही वचकून असत.

"जत्रा करू नका. खाली बसा," त्या उठलेल्यांना म्हणाल्या. मग वासंतीबाईंकडे वळल्या. "विहिरीकडे नाही गेलेले. डावीकडच्या पायवाटेने गेलेत. संतोष आहे मागे."

"मागे म्हणजे?"

"मागे म्हणजे मागे. वीस पावलांवर. फार जवळ गेलं की ते चिडतात, ते आता आम्हाला कळलंय."

वासंतीबाईंना संतोषची जागा दिसली. तीही रिकामी होती.

"आज संतोषची पाळी," कांताबाई म्हणाल्या. "रविवारी उपासनेनंतर तू महिला मंडळाच्या बैठकीला आत जातेस ना, तेव्हा एकेकाची असते. ऑगस्टपासून चाललंय."

"ऑगस्टपासून?"

"त्यांनी मला चर्चच्या फाटकाशी विचारलं, बाई, खडकी स्टेशन कुठल्या बाजूला? चाळीस वर्षं खडकीत काढलेला माणूस तो. मी काय तेवढी खुळी आहे?"

"मग मला सांगितलं का नाहीत?" वासंतीबाई म्हणाल्या.

"तू सांगितलं नाहीस म्हणून. पाळक म्हणाले, बाईंना वाटेल तेव्हा त्या सांगतील. तोवर त्या म्हणतायत तर ऐकू कमी येतं असंच धरू." कांताबाईंनी काठी पायाशी ठेवली. "ओरडून ओरडून घसा बसला माझा."

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच हसू दाबलं. मग दुसरं कुणी हसलं. वासंतीबाई खाली सतरंजीवर बसल्या. त्यांनाही हसू येत होतं आणि ते तोंडापर्यंत येईतो त्याचं भलतंच काहीतरी होत होतं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. पाळकांच्या पत्नीने जवळ बसून त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि उचलला नाही.

थोड्या वेळाने डावीकडच्या पायवाटेने शरच्चंद्र आले. संतोष आता त्यांच्या शेजारी चालत होता. धोतराला लागलेली कुसळं झटकत शरच्चंद्र थेट बायकोपाशी आले.

"वासंती, हा गृहस्थ बराच वेळ माझ्या मागून येतोय," ते म्हणाले. "कोण आहे कोण जाणे. पण बरा वाटला. याला जेवायला वाढ."

"वाढते," वासंतीबाई म्हणाल्या. साध्या, नेहमीच्या आवाजात.

पाळकांनी खाली पडलेला कागद उचलून त्यांच्यापुढे धरला. "बाई, पुढचा मुद्दा घेता?"

त्यांनी कागदाकडे पाहिलं. अजून दीड पान होतं, सुवाच्य अक्षरातलं. "पुढचं मला येत नाही, पाळकसाहेब."

"मग चहा घेऊ," पाळक म्हणाले.

चहा झाला. ऊन डोंगरावर चढत गेलं, तशा बायका टेकडीवर निघाल्या. वरून सगळं पुणं दिसतं म्हणे. वासंतीबाई शरच्चंद्रांजवळ बसून राहिल्या. संतोष कारखान्याबद्दल काहीतरी विचारत होता आणि शरच्चंद्र रंगात येऊन सांगत होते. कांताबाईंनी शेजारी खुर्ची ओढली.

"जा गं," त्या म्हणाल्या. "मला काही टेकडी चढवत नाही. मी इथेच आहे."

वासंतीबाई उठल्या. पहिली काही पावलं त्यांना चालणं अवघड गेलं, शरच्चंद्रांना धरायचा उजवा हात रिकामा होता म्हणून. मग चढण लागली. सुकलेल्या गवतातून वाट वळणं घेत होती आणि पुढे बायकांचं कुणाच्या तरी सुनेवरून बोलणं चाललं होतं. त्या ऐकत गेल्या. मध्येच दोन शब्द बोलल्याही.

अर्धी टेकडी चढून झाल्यावर दम खायला थांबल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की निघाल्यापासून आपण एकदाही मागे वळून पाहिलेलं नाही. आता पाहावं का, असं क्षणभर वाटलं. त्यांनी पदर कमरेला खोचला आणि पुढच्या बायकांना हाक मारली, "अगं, थांबा की जरा. मी येतेय."