आठ वेळा ‘हो’

शिंपीमामा तीस वर्षं शिलाई मशीन अनवाणीच चालवत आले होते. मशीन कुठे कुरकुरतंय ते आपल्याला तळपायांतून कळतं, ही त्यांची घमेंड. मधुमेह आठ वर्षांपासून मुक्कामाला होता, आणि तपासणी टाळण्यात मामांचा हात कोणी धरला नसता.

शेवटी मामींनी त्यांना दवाखान्यात नेऊन बसवलंच.

"डोळे मिटा," सिस्टर म्हणाल्या. "पायाला हा नायलॉनचा दोरा लावते. जाणवला की ‘हो’ म्हणा."

मामांनी डोळे मिटले. पाय बधिर निघाले, तर मामी मशीन बंद करणार. मग दिवसभर करायचं काय? पण माणूस टाके घालण्यात मुरलेला! त्यांनी ताल पकडला. हो. हो. हो.

"मामा, मी मघापासून हाताची घडी घालून बसलेय."

मामी खो खो हसल्या. मग सिस्टरांनी मामांच्या टाचेत रुतलेली टाचणी उपटून दाखवली, तेव्हा त्यांचं हसू कुठल्या कुठे पळालं. मामांना तिचा पत्ताच नव्हता.

दोरा पुन्हा लागला. या खेपेला मामा खरं बोलले. दहा जागांपैकी आठ.

"मशीन बंद ना?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"बंद कशाला? बूट घालून चालवा. साखर ताब्यात ठेवा, तळपाय रोज बघा. गेलेल्या दोन जागा परत येतील असं सांगत नाही. आठ आहेत त्या जपा."

दुसऱ्या दिवसापासून दुकानातला ट्रायलचा आरसा रोज सकाळी जमिनीवर आडवा होऊ लागला. मामा स्टुलावर बसून त्यावर पाय धरत आणि मामी चष्मा लावून बोटाबोटांतून बघत. "गिऱ्हाइकाआधी मालकाची ट्रायल," त्या म्हणत. मामा बुटांना शिव्या घालत, पण घालत. जेवणानंतर चालायलाही जात, कुरकुरतच.

सहा महिन्यांनी पुन्हा तोच दोरा. मामांनी डोळे घट्ट मिटले. दोन ‘हो’च्या मधल्या शांततेत त्यांचा जीव टांगणीला लागत होता.

"आठ," सिस्टर म्हणाल्या. "एकही गेली नाही."

मामांनी पाय पुढे केला. बूट चढवायला मामी खाली वाकल्या आणि त्यांनी तळव्याला हळूच गुदगुली केली.

"हो! हो! अगं, हो!" मामा किंचाळले.