हरभऱ्याएवढं सोनं

कौसाबाईने पोतीचा दोरा दातांनी तोडला, मधला मोठा मणी ओढून काढला आणि हीरालालशेठच्या काट्याशेजारी ठेवला.

"याले गाळी द्या," ती म्हणाली.

"आनि गाळीसन काय बनाडू, वहिनी?"

"काहीच नको. दगडसारखा दिसाले पाहिजे. वाकडातिकडा."

हीरालालशेठने चष्मा कपाळावर चढवला. नंदुरबारच्या सराफ्यात त्यांच्या घराण्याची पेढी जुनी. नाजूक करा, ठसठशीत करा, सुनेला दाखवायला जड दिसेल असं करा, या सगळ्या फर्मायशी त्यांनी ऐकल्या होत्या. बेढब करून द्या म्हणणारं गिऱ्हाईक मात्र त्यांच्या गादीसमोर पहिल्यांदाच बसलं होतं. त्यात मणी कौसाबाईच्या लग्नातला, भरीव, हरभऱ्याएवढा. शेठच्या वडिलांनी स्वतःच्या देखरेखीखाली घडवून घेतलेला.

"दोधूभाऊले मालूम शे का?"

"त्यास्नाकरताच तं करी ऱ्हायनी."

मग तिला सगळं सांगावंच लागलं.

दोधूआप्पा, म्हणजे तिचा नवरा, जन्मभर लाइनमन होते. धानोऱ्यात आणि आसपासच्या खेड्यांत वीज गेली की पहिला फोन त्यांना यायचा. ताटावरून उठायचे, लोकांच्या नावाने शिव्या घालायचे आणि मजेत निघायचे. निवृत्त झाले आणि फोन मुका झाला. आप्पा ओसरीवरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले ते बसलेच. भाजीत मीठ नसलं तरी बोलेनात. सुरतेला नोकरीला असलेल्या ललितने बापाची ही कळा पाहिली आणि एक यंत्र पाठवून दिलं. लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती, कानाला लावायचे हेडफोन. जमिनीत धातू असला की ते टूं करायचं.

आप्पांनी मोबाइलवर परदेशातली माणसं पाहिली. माळरानातून असंच यंत्र फिरवत ती सोन्याचे खडे उचलत होती, बोराएवढे, लिंबाएवढे, एकाला तर मुठीएवढा सापडला होता. आप्पांच्या अंगात वारं शिरलं. सातपुड्याच्या पोटात काय काय असेल, पावसाळ्यात त्यातलं थोडंफार गावच्या नाल्यापर्यंत वाहून येतच असेल, असा त्यांनी अंदाज बांधला. तांबडं फुटायच्या आत ते नाला गाठू लागले. सापडले ते बैलांच्या खुरांचे नाल, खिळे, बाटल्यांची बुचं, अर्धा फाळ आणि कमळाचं चित्र असलेलं वीस पैशांचं पिवळं नाणं. प्रत्येक वस्तू धुऊन ओसरीवर मांडायचे आणि जेवताना तिची गोष्ट रचून सांगायचे. हा नाल कुठल्या बैलाचा, तो उधळला कसा, धनी मागे पळाला कसा. कौसाबाई तोंडाला पदर लावून हसायची. "आज काय भंगार आनं?" असं तीच विचारायची. इतका मजेचा हिवाळा तिच्या संसारात दुसरा आला नव्हता.

पण तिने घरात भंगार म्हटलेलं वेगळं, चारचौघांनी म्हटलेलं वेगळं. भाच्याच्या लग्नात भर पंगतीत कुणीतरी म्हणालं, "जागा द्या रे, भंगारवाला आप्पा उनात." पंगत हसली. आप्पाही हसले. घरी आल्यावर त्यांनी यंत्र गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकलं आणि खुर्चीत जाऊन बसले.

"तो खुर्चीमां बठेल माणूस मले नको शे, शेठ," कौसाबाई म्हणाली. "मले चालता माणूस पाहिजे."

हीरालालशेठने चष्मा पुन्हा नाकावर आणला. त्यांनी मणी कारागिराकडे सरकवला. सोनं मुशीत वितळलं, आणि शेठच्या सांगण्यावरून कारागिराने ते साच्यात न घालता पाण्याच्या बादलीत ओतलं. चर्र झालं. तळाशी हात घालून त्याने जे वर काढलं त्याला ना बूड होतं ना शेंडा. एका बाजूला फुगलेलं, दुसऱ्या बाजूला चिमटलेलं. कौसाबाईने ते तळहातावर फिरवून पाहिलं आणि तिला फार आवडलं. पोतीत मोकळ्या झालेल्या जागी शेठने एक नकली मणी ओवून दिला.

"कोनले सांगू नका."

"मारवाडीना पोटमां गयेल गोट बाहेर येत नही, वहिनी."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती पूजेचं ताट घेऊन नाल्यावर गेली. करंजाच्या झाडाखाली साती आसरांचे शेंदूर लावलेले दगड आहेत, तिथे पूजेला जाते म्हणून गावीच राहणाऱ्या सुनेला सांगितलं होतं. वैशाखात नाल्याला पाणी कुठलं, नुसती वाळू. आसरांना हळदीकुंकू वाहून झालं. मग पलीकडच्या ओल्याशा कोपऱ्यात बसून तिने बोटांनी खड्डा केला, सोनं आत ठेवलं आणि वर वाळू लोटणार एवढ्यात तिचा हात थांबला. लग्नातलं सोनं, असं उघडंबोडकं मातीत घालायचं? ताटातली चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू तिने त्याच्यावर घातलं, बोटाने जरा दाबलं, हात जोडले. मग वाळू सारखी करून पदराने पावलांच्या खुणा पुसत ती मागे मागे आली. पायातलं एक जोडवं काढून कनवटीला लावलं आणि घरी येऊन तांदळाच्या डब्यात खुपसलं.

"आयकं का," ओसरीवर येऊन ती म्हणाली. "मन्हं जोडवं पडी गयं."

आप्पांनी मान वळवली नाही. "कोठे?"

"नालामां. आसरास्ना पुढे."

"दुसरं लई ले."

"लग्ननं शे ते."

कौसाबाईने जोडव्याविना उघडं पडलेलं पायाचं बोट पुढे काढून ठेवलं होतं. लग्नातलं जोडवं म्हटल्यावर नवरा किती वेळ बसून राहील, याचा अंदाज तिला बरोबर होता. चहा थंड व्हायच्या आत आप्पा शिडीवर चढले होते.

नाल्यावर ते आधी कुरकुरले, ऊन लागतं म्हणाले, यंत्राचा पट्टा आखडलाय म्हणाले. मग हेडफोन कानावर चढले आणि कुरकुर बंद झाली. चकती वाळूवरून एक वीत उंचीवरून डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. खांबावर चढताना असायचा तसाच त्यांचा चेहरा झाला, ओठ घट्ट, डोळे बारीक. कौसाबाई काठावर करंजाच्या सावलीत उभी राहिली. यंत्राने नेमका दगा दिला तर? कुत्र्याने उकरून नेलं असलं तर?

चकती कोपऱ्याशी आली आणि थांबली. मागे गेली, परत आली. आप्पा गुडघ्यांवर बसले आणि खुरप्याने हलकेच वाळू काढू लागले. त्यांची पाठ तिच्याकडे होती. पाठीवरचा सदरा घामाने चिकटला होता. खुरपं थांबलं. त्यानंतर बराच वेळ पाठ हललीच नाही.

"भेटनं का?"

"थांब."

खांद्यावरचा टॉवेल त्यांनी ओढून घेतला, तोंड पुसलं, हात पुसले. मग उठले आणि वाळूतून तिच्याकडे चालत आले. तिच्यासमोर येऊन त्यांनी मूठ उघडली.

"जोडवं नही शे," ते म्हणाले.

तळहातावर सोनं लखलखत होतं. कौसाबाईने चकित व्हायचं नाटक घरून पाठ करून आणलं होतं. ते तिला करावंच लागलं नाही. आप्पांच्या चेहऱ्याकडे पाहून ती खरोखरच चकित झाली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते, तोंडभर, पडलेल्या दाढेसकट. असे ते ललित झाला तेव्हा हसले होते. तिला इतका आनंद झाला की तिने त्यांच्या बाहीला धरलं, भर उजेडात, नाल्याकाठी.

"सोनं शे, ललितनी माय."

"दखाय ऱ्हायनं ना मले."

दुपारपर्यंत गाव गोळा झालं. आप्पांचा फोन वाजायला लागला तो थांबेना. एकीकडे सुरतेहून ललित, दुसरीकडे भाच्याची सासुरवाडी. पंगतीत हसलेले सगळे फावडी, घमेली, चाळण्या घेऊन नाल्यात उतरले. आप्पांनी काठावर उभं राहून दोरी लावून जागा वाटून दिल्या, भांडणं सोडवली, कुणी चुकीच्या ठिकाणी उकरलं तर वरून ओरडले. कुणी आवाज ऐकून जा म्हटलं की यंत्र घेऊन त्याच्याकडे. दोन दिवस जत्रा भरली. सोनं अर्थात कुणाला सापडलं नाही. रमिलाबाईचा हरवलेला चांदीचा वाळा मात्र निघाला आणि ती बाई तिथल्या तिथे नाचली. आप्पा घरी यायचे ते घसा बसून. भाजीत मीठ जास्त आहे म्हणाले तेव्हा कौसाबाईने आत जाऊन देवाला साखर ठेवली.

जत्रा ओसरल्यावर आप्पा तिला घेऊन नंदुरबारला गेले, थेट हीरालालशेठच्या पेढीवर. शेठने खडा कसोटीवर घासला, भिंगातून पाहिला, पुन्हा घासला. कौसाबाई भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मन लावून तिथी वाचत होती.

"अस्सल शे," शेठ म्हणाले. "असं सोनं नशीबवानलेच भेटस, भाऊ."

"मले मालूम शे," आप्पा म्हणाले. "याले एक छेद पाडी द्या. बाकी आसंच ऱ्हाऊ द्या, वाकडंतिकडं."

छेद पाडून झाल्यावर त्यांनी ते तिच्या हातात ठेवलं. "तुन्हा पोतमां टाकी दे."

घरी आल्यावर कौसाबाई आतल्या खोलीत आरशापाशी बसली. नकली मणी काढून टाकला आणि त्याच्या जागी तो ओबडधोबड खडा ओवला. नीट बसला. मान वर केली तर आप्पा दारात उभे. पोतीत एवढी बेतशीर जागा आयती कशी होती, असं त्यांनी काही विचारलं नाही. चांगलं दिसतं, एवढंच म्हणाले आणि चहा टाकायला सांगून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात धुणं घेऊन बसली. ढिगात आप्पांचा टॉवेल होता, नाल्याच्या जत्रेत अंगावर राहिलेला, वाळूने खरखरीत. तो पसरला तेव्हा एका कोपऱ्यात दोन डाग दिसले, शेजारी शेजारी. एक लालसर, एक पिवळट. कोपरा आतल्या बाजूने दुमडून ठेवल्यासारखा होता. तिने सवयीने पिवळ्या डागावर साबण घासला आणि तो डाग बघता बघता लालभडक झाला.

कौसाबाईचा हात थांबला. साबण लागला की लाल होणारा पिवळा डाग हळदीचाच असतो, हे धुणं धुणाऱ्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. नाल्यातली न हलणारी ती पाठ तिला आठवली. आणि ज्या जोडव्यासाठी यंत्र माळ्यावरून खाली आलं होतं, त्या जोडव्याचं या माणसाने त्या दिवसापासून नावसुद्धा काढलं नव्हतं.

आप्पा बाहेर आले. खांद्यावर यंत्र, गळ्यात हेडफोन, डोक्याला नवा रुमाल. स्वारी निघाली होती.

"आयकं का," तिने टॉवेलचा कोपरा वर धरला. "हाऊ डाग कसाना शे?"

आप्पांनी लांबूनच पाहिलं. "मिरचीना व्हई."

मिरची वाळत घालायच्या पथाऱ्या उठून महिने झाले होते. आप्पांनी चपला घातल्या, हेडफोन कानांवर चढवले, फाटकापर्यंत गेले. कडी काढता काढता थांबले, एक कान मोकळा केला आणि मागे वळून, अगदी कामाचं विचारावं तसं विचारलं,

"सांग मंग. आज कोठे दखू?"

कौसाबाईचा साबणाचा ओला हात आपसूक गळ्याकडे गेला आणि तिने पोतीतलं, अजून न गाळलेलं डोरलं पदराखाली सारलं.