उपाशी ठेवलेली डबी

मावशींच्या नजरेसमोर कुणी उपाशी राहायची सोयच नव्हती. आधी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात त्यांनी दोनशे पोरं जेवू घातली, आणि गेल्या आठ महिन्यांपासून प्रयोगशाळेत त्या पेशींच्या डब्यांना खाणंपिणं घालत होत्या.

सध्या त्यांचा जीव तुटत होता तो बारकीसाठी. बारकी म्हणजे तिथली सगळ्यात नवी संशोधक. वाढीचा सिग्नल दिला की तिच्या पेशींमधलं एक जनुक जागं व्हायचं आणि पेशी हिरव्या चमकायच्या. सिग्नल न दिलेल्या डबीत मात्र काळोख हवा. पण तीनदा दोन्ही डब्या हिरव्यागार! प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी सांगून टाकलं, "शुक्रवारपर्यंत जमलं नाही, तर विषय बदल."

"माझ्या हातालाच यश नाही, मावशी," बारकी डोळे पुसत म्हणाली.

"पण असं होतं कशानं?"

"तेच कळत नाही. सिग्नल पेशीच्या दाराची कडी वाजवतो, मग आत हातोहात निरोप जातो, थेट जनुकापर्यंत. पण आपण खायला घालतो त्या सीरममध्येही असेच सिग्नल असतात. म्हणून तर मी त्यांना आदल्या दिवसापासून उपाशी ठेवते."

डब्यांवर लिहिलेलं 'उपाशी' मावशींनी वाचलं होतं. वाचलं म्हणूनच तर त्यांना राहवलं नव्हतं.

गप्प बसणं सोपं होतं. नोकरी जायचीही भीती होती. पण पोरीचा उतरलेला चेहरा बघवेना.

"मी घालत होते गं त्यांना," त्या म्हणाल्या. "सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन. वाटलं, तुला धांदलीत सवड होत नसेल."

बारकी आ वासून बघत राहिली. मग जी हसत सुटली, ती स्टुलावरून पडता पडता वाचली. "म्हणजे माझा हात बरा आहे!"

गुरुवारचा अख्खा दिवस मावशींनी डब्यांच्या कपाटाकडे पाठ करून काढला. शुक्रवारी दुपारी सिग्नल दिलेली डबी झकास चमकली. बारकीनं ती बाजूला सारली आणि दुसरी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मिट्ट काळोख! तिला रडूच आलं. मॅडमही वाकून बघून गेल्या आणि "विषय हाच राहू दे," म्हणाल्या.

बारकीनं मावशींना मिठी मारली. मावशींचा डोळा मात्र त्या दुसऱ्या डबीवरच होता.

"झालं ना आता तुझं काम?" त्यांनी हळूच विचारलं. "मग वाढू का बिचाऱ्यांना?"